डॉक्टर का व्हायचंय?

मंडळी, आज दुपारी आमच्या लातूरच्या घरात अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजची मुलाखत झाली. खरी नाही, सरावाची.

माझी भाची नेहा कॅनडात वाढलेली. सुट्टीला आलीय. तिला अमेरिकेत मेडिकलला जायचंय. तिथं कॅनडाची पोरंसुद्धा परदेशी धरतात, त्यामुळं जागा लई कमी आणि मुलाखत महत्त्वाची. मी इथं क्लासमध्ये बायोलॉजी शिकवतो, म्हणून म्हणाली, "मामा, तुम्ही प्रश्न विचारा."

मी पहिलाच विचारला, "डॉक्टर का व्हायचंय?"

ती एका दवाखान्यात म्हाताऱ्या पेशंटना जेवू घालायला जायची, तिथलं सांगायला लागली. मधेच अडखळली, पुन्हा सुरू केलं.

मी सवयीनं म्हणालो, "पण याचं बरोबर उत्तर कोणतं हाय?"

"तसं नसतं, मामा."

शेजारी माझी लेक प्राजक्ता नीटचे चार पर्यायांचे पेपर सोडवत बसली होती. तिचं रिपीटचं वर्ष आहे. नेहानं सहज तिलाच विचारलं, "तुला का व्हायचंय गं?"

प्राजक्ताचा पेन थांबला. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "पप्पा, ऑप्शन काय हायत?"

ती मस्करी करत नव्हती.

तुमच्या घरात हा प्रश्न कुणी कुणाला विचारलाय का? ऑप्शन न देता?