मागच्या सीटचा आवाज

“अण्णा, तुम्ही मागं बसले की आवाज घाबरतो,” विलासशेठ गाडी चालवता चालवता म्हणाला.

मी मागच्या सीटवर कान लावून बसलो होतो. सातपूर एमआयडीसीतला तो तुटका रस्ता माझा ठरलेला होता. शोरूममध्ये आलेली आवाजाची प्रत्येक गाडी मी त्याच रस्त्यावर ऐकायचो. खड्डा कुठे, खडी कुठे, ब्रेकर कुठे, सगळं पाठ. पुढे महानगरपालिकेने तो रस्ता गुळगुळीत केला. लोकांना आनंद झाला. माझं फार नुकसान झालं.

माझं काम थोडं सांगतो. मी शाळेत चौथीपर्यंत गेलो. मग द्वारका चौकाजवळ एका गॅरेजात गाद्या आणि सीट कव्हर शिवायला लागलो. सीट काढताना, बसवताना गाडीच्या आतले आवाज कळायला लागले. नव्वदच्या पुढे नाशकात नव्या मोटारी यायला लागल्या. त्यात जिकडेतिकडे प्लॅस्टिक. जुन्या गाडीत इंजिनच एवढं ओरडायचं की बाकी काही ऐकू यायचं नाही. नवीन गाडी गप्प, म्हणून बारीक आवाज मोठा वाटतो. गिऱ्हाईक वैतागतं. मग शोरूमने मला ठेवून घेतलं.

आवाजाच्या जाती असतात. किर्र किर्र झालं तर प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक घासतंय. तिथे फेल्ट लावायचं, म्हणजे जाड लोकरी कापड. चुंई चुंई झालं तर दरवाजाचं रबर. त्याला साधी अंगाला लावायची पावडर पुरते. आणि खडखड झालं तर कुठेतरी काहीतरी सुटं आहे. सुटं सापडलं की काम संपलं. एक गाडी सोडली तर माझ्या हातून आवाजासकट गाडी परत गेली नाही. हे मी फुशारकीने सांगत नाही. फुशारकीने सांगायचं तर अजून बरंच आहे.

विलासशेठ पिंपळगाव बसवंतचा. द्राक्षांचा व्यापार. गाडी नवी कोरी, पण खडखड आहे म्हणून तिसऱ्यांदा आला होता. पहिल्यांदा मी डिकीतली स्टेपनी आणि जॅक आवळला. दुसऱ्यांदा दरवाजांचे पॅड काढून सगळ्या क्लिपा बदलल्या. दोन्ही वेळा मागे बसून ऐकलं. आवाज नव्हता. गाडी ओके करून दिली. आणि दोन्ही वेळा वाटेत ओझरपर्यंत पोचायच्या आत त्याचा फोन आला की आवाज आहेच.

आमचे मॅनेजर देवरे साहेब. बागलाणकडचे, माणूस शांत. तिसऱ्या वेळी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, अण्णा, आज नाही निघाला तर गाडी मुंबईला पाठवतो. तिथे कंपनीची माणसं पूर्ण डॅशबोर्ड उघडतील. आणि त्यांनी आवाज काढला तर इथून पुढे आवाजाच्या सगळ्या गाड्या तिकडेच जातील. तुम्ही आपले सीट कव्हर बघा.

मी म्हटलं, “डॅशबोर्ड एकदा उघडला की पहिल्यासारखा बसत नाही.”

“मग उघडू देऊ नका,” साहेब म्हणाले.

म्हणून मी त्या दिवशी मागे बसलो होतो आणि विलासशेठ स्वतः चालवत होता. आवाज काही येत नव्हता. माझ्या मनात आलं होतं की दोष याच्या कानाचा आहे. तसंही गिऱ्हाईक असतं. पण हा पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. एकटा असलो की येतो, आई बरोबर असली की गाडी गप्प, आता तुम्ही बसले तर तुमच्यापुढेही गप्प. वर हसला. मला राग आला. मी म्हटलं, थांबवा गाडी. उतरलो आणि चहाच्या टपरीकडे चालायला लागलो. तो पुढे गेला, वळून परत आला, आणि माझ्यासमोरच्या ब्रेकरवरून गेला. काचा उघड्या होत्या.

खट्.

मी चहा तसाच ठेवला. आत बसलो. त्याच ब्रेकरवरून गेलो. काही नाही. उतरलो. त्याला पुन्हा जायला सांगितलं. खट्. टपरीवाला बघत होता. त्याला वाटलं असेल, या म्हाताऱ्याला गाडी लागते.

आता आवाज ऐकायची आमची पद्धतच अशी, की एकाने चालवायची आणि दुसऱ्याने मागे बसायचं. इतकी वर्षं तसंच केलं. पण मागे बसलेला माणूस काही कापसाचा नसतो. त्याच्या वजनाने सीट दबते. सीटखाली काही सुटं असेल तर त्याच्या अंगाखाली ते गच्च दाबून धरलं जातं. म्हणजे आवाज ऐकायला बसलेला माणूसच आवाज बंद करत होता. या पद्धतीने आवाज शंभर वर्षं सापडला नसता.

विलासशेठला टपरीवर बसवलं आणि गाडी लांब झाडाखाली नेली. मागची सीट उचलायला अवजार लागत नाही. दोन क्लिपा असतात, पुढून झटका दिला की गादी वर येते. खाली पत्र्याला खळगा असतो. त्या खळग्यात पितळेची कुंकवाची डबी होती. उघडली. आत एक सुपारी आणि कागदाच्या पुडीत अंगारा. पुडीवर त्र्यंबकच्या दुकानाचा शिक्का.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. गाडीत देवाची वस्तू सापडली तर ती गाडीबाहेर काढायची नाही. पूजेचे तांदूळ एसीच्या जाळीत, नाणी दरवाजात, हे नेहमी निघतं. साफ करायचं आणि त्याच गाडीत कुठेतरी नीट ठेवायचं. गिऱ्हाईकाला दाखवायचं आणि ठेवायचं.

पण याला दाखवायला माझा हात धजेना. गाडीच्या डिलिव्हरीच्या दिवशी मी तिथेच होतो. त्याच्या आईने बंपरला लिंबू-मिरची बांधली होती. याने सगळ्यांसमोर ती तोडली आणि म्हणाला की माझ्या गाडीत हे असलं काही चालणार नाही. म्हातारी नऊवारीचा पदर सावरत गप्प मागे जाऊन बसली. मागेच. सीट आणि पाठीच्या मधे हात जाईल एवढी फट असते.

मी डबीला फेल्ट गुंडाळलं, टेप मारली आणि खळग्यात गच्च बसवली. सीट लावली. या वेळी पुढे बसलो, मान मागे करून. सगळे खड्डे घेतले. गाडी देवळासारखी शांत.

“काय होतं?” विलासशेठने विचारलं.

“सीटखाली सुटं होतं. आवळलं,” मी म्हटलं. यात खोटं काही नव्हतं.

तो खूश. देवरे साहेब खूश. मुंबईचा विषय बंद झाला.

त्यानंतर थोड्या दिवसांनी गेटवरचा वॉचमन हसत आला. म्हणाला, अण्णा, एक आजी आली, आवाजवाले बाबा कुठंय म्हणून विचारती. बाहेर गेलो तर विलासशेठची आई. काळीपिवळी जीपमध्ये बसून एकटी आली होती. हातात पिशवी, पिशवीत झेंडूची फुलं. त्यांच्या मळ्यात फुलं होतात. तिने फुलं माझ्या हातात दिली नाहीत. आधी विचारलं.

“माझ्या इलासच्या गाडीतला आवाज तुमीच काढला का?”

“मीच,” मी म्हटलं. मला वाटलं आता फुलं मिळणार.

“परत घाला.”

मी तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं. मग ती हळूहळू सांगायला लागली. विलासचे वडील टेम्पोने माल न्यायचे. याच पिंपळगावच्या हायवेवर अपघातात गेले. गाडी घेतल्यावर पोराला लिंबूसुद्धा चालेना, म्हणून तिने त्र्यंबकला जाऊन अंगारा आणला आणि गुपचूप फटीतून डबी सोडली. नंतर तिला घोर लागला. डबी आहे का, धुणाऱ्या पोरांनी काढली का, कसं कळणार? विचारायची सोय नाही. पण पोरगा रोज घरी येऊन करवादायचा की आज पण खडखड वाजलं. ते ऐकलं की तिला बरं वाटायचं. डबी जागेवर आहे. मग एक दिवस तो म्हणाला, आवाज गेला.

“तवापासून झोप नाय,” ती म्हणाली. “तो रोज हायवेनं जातो.”

“डबी आहे, मावशी. मी काढली नाही. फेल्ट गुंडाळून तिथंच ठेवली.”

“तुमी म्हणता. मला कसं कळायचं?”

“गाडीत मी आवाज ठेवत नाही.”

“आन् मी डबीबिगर पोराला सोडत नाय.”

माझ्यासारखा हट्टी माणूस मला क्वचितच भेटतो. मग मी तिला विचारलं, डबी कुंकवाची कशी? ती म्हणाली, “माझीच हाय. मला आता तिचा काय उपयोग.”

मी विलासशेठला फोन लावला. म्हटलं, मागची सीट पुन्हा एकदा चेक करायची आहे, गाडी आणा. तो म्हणाला, आवाज नाही आता. मी म्हटलं, नाही म्हणूनच चेक करायची आहे. येताना आईला घेऊन या, बसायला नीट आहे का त्यांनाच विचारू. म्हातारीला काळीपिवळीत बसवून परत पाठवलं. इथं आलेलं बोलू नका म्हटलं. जाताना तिने फुलं दिली. अर्धीच दिली.

दुसऱ्या दिवशी दोघं आली. त्याला देवरे साहेबांच्या केबिनमध्ये चहाला बसवलं. इकडे मी सीट उचलली. म्हातारीने डबी फेल्टवरूनच चाचपली, कानाशी नेऊन हलवली, मग परत दिली. मी सीट कव्हर शिवायचा जाड नायलॉन दोरा घेतला, सीटच्याच रंगाचा, मरून. डबीभोवती घट्ट बांधला. खळग्यावर फेल्टची पट्टी अशी मारली की डबी थोडी उचलली जाईल, पण पत्र्याला लागणार नाही. दोऱ्याचं टोक फटीतून वर काढलं, तिचा हात टेकतो तिथे.

“ओढून बघा. जड लागलं म्हणजे आहे.”

तिने ओढलं. सोडलं. परत ओढलं. आवाज आला नाही, ते मी ऐकत होतो.

“जड हाय,” ती म्हणाली, आणि पदराने तोंड पुसून पोराची वाट बघत बसली.

पुढच्या सर्व्हिसिंगला विलासशेठ आला तेव्हा मला शोधत आला. म्हणाला, गाडी एक नंबर, कुठे खुट्ट नाही. मग आवाज खाली आणला.

“फक्त एक आहे, अण्णा. मागच्या सीटचा दोरा निघालाय. आई बसल्या बसल्या त्यालाच चाळा करती. कापून टाकू का?”

“हात लावू नका,” मी म्हटलं. “सगळी शिलाई त्याच्यावर आहे.”

त्याने कापला नाही. गाडी विकली तेव्हा मात्र आधी म्हातारी आली आणि मला सीट उचलायला लावली.

तेव्हापासून आवाजाची गाडी आली की मी पहिलं विचारायचो, हा आवाज घरात कोणाला हवा तर नाही ना? गिऱ्हाईकं हसायची. मी विचारायचं सोडलं नाही.