हातगाडीवरची पिवळी अक्षरं

मावशींना बसलेलं माणूस बघवत नसे. आमच्या गल्लीतल्या मदत केंद्राच्या चारही खुर्च्या त्यांनी एका चहावालीला धंद्यासाठी देऊन टाकल्या, आणि तेव्हापासून केंद्राच्या सभा चालत होऊ लागल्या. देवळापासून पाण्याच्या टाकीपर्यंत जाताना विषय, येताना ठराव. मी सचिव. निवृत्त कारकून, दोन्ही गुडघे नाराज. चालता चालता लिहिलेलं इतिवृत्त पुढच्या सभेत मलाच वाचता येत नसे. "राहू द्या की," मावशी म्हणत, "काम दिसतंय न्हवं? मग कागद कशाला बगताय?"

केंद्राची रीत त्यांनीच घातलेली. हातगाडी, तवा, शिलाई मशीन, जे असेल ते गल्लीतल्या गरज असलेल्या माणसाने वापरायला न्यायचं. स्वतःचं झालं की ते पुढच्याला द्यायचं, आणि महिनाभर त्याच्यासोबत उभं राहून धंदाही शिकवायचा. "दिलं" हा शब्द मावशींना खपत नसे. "पुढं सरकवलं म्हणा."

चादरीचा कारखाना बंद पडून लक्ष्मीचं काम गेलं, तेव्हा एक गाडी तिच्याकडे सरकली. कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकायची ठरली. हे चाललं नाही तर दोन्ही मुलींची शाळा सोडवून वैरागला भावाच्या दारात जायचं, हेही ठरलेलंच होतं.

इथे माझी बुद्धी चालली. केंद्राचं नाव व्हावं म्हणून मी गाडीवर लांबून दिसतील अशी पिवळी अक्षरं रंगवून घेतली: 'गरजू महिलेस साहाय्य'. खाली सचिव म्हणून माझं नाव. ते जरा मोठं आलं. पेंटरने आपण होऊन केलं, असं मी अजूनही सांगतो.

पाचव्या दिवशी पाहायला गेलो, तर गाडी भिंतीला चिकटवलेली, अक्षरं भिंतीकडे. गिऱ्हाइकाच्या वाट्याला नुसतं गटार.

"असं का लावलंस गं?"

"थोरली ह्याच रस्त्यानं शाळंला जाती, सर. वर्गातल्या पोरींनी तिला विचारलं, तुमी गरजू हाय का? दोन दिस झालं, शाळंला न्हाय गेली."

"त्यात काय? खरंच आहे की ते," मी म्हणालो.

लक्ष्मीने भाकऱ्यांवर फडकं ओढलं. "उद्या गाडी आणून देती. आमी जातो वैरागला."

मावशींना कळलं तेव्हा त्या टाकीकडे निघाल्या होत्या. तिथूनच वळल्या. "सेक्रेटरी, तुमच्या नातवाच्या दप्तरावर लिहू का, आजोबाच्या पेन्शनीवर चाललाय म्हणून?"

पेंटरकडून थिनर आलं, पॉलिश पेपर आला आणि भर उन्हात, भर रस्त्यात मी माझंच नाव खरवडायला बसलो. मावशी गाडीपुढे गिऱ्हाईक होऊन उभ्या राहिल्या आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बाई, भाकरी कडक हाय का नुसती म्हणायची?"

लक्ष्मीची मान खालीच. मावशी हलेनात. "बोल की! का शिळी हाय?"

"मोडून बगा की मावशी," लक्ष्मी उसळली, "दात असतील तर!"

रस्ता हसला. बायका थांबल्या. माझं खरवडणं बघायला आलेल्यांनीही भाकरी नेली. अक्षरं निघाली, माझ्या बोटांची कातडीही निघाली, आणि लक्ष्मी वैरागला गेली नाही.

गेल्या वर्षी करमाळ्याच्या बायकांनी मावशींना बोलावलं. तिथेही असंच केंद्र उभं करायचं होतं. एसटी स्टँडवर मी दोन पानांचं निरोपाचं भाषण खिशात घालून गेलो. लक्ष्मी भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन धावत आली.

मावशींनी खिडकीतून विचारलं, "गाडीपाशी कोण हाय?"

"थोरली उभारलीया. म्हणाली, तू जा, मी बगती."

"एकटी? आन् तू हितं काय करतीस? जा की!"

लक्ष्मी खरंच निघाली, एसटी हलायचीही वाट न पाहता. मी भाषण काढलं, तर मावशींनी मला हातानेच थांबवलं. कुणाला ना कुणाला सारखं पुढे ढकलणाऱ्या त्या बाईने पहिल्यांदाच, लक्ष्मी गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत नुसतं बघितलं.