भिकाजी मास्तरांची पहिली तबकडी

एकोणीसशे एकसष्ट साल. दिवाळी झाली होती आणि तुळशीची लग्नं लागायची होती. आमच्या बँडने पहिली तबकडी भरली ती त्या दिवसांत. साल मुद्दाम आधी सांगतो, कारण बाजारात बसणारे लोक ते चुकीचं सांगतात. कुणी साठ म्हणतो, कुणी पासष्ट. एक जण तर तबकडीत आपली झांज आहे असं सांगत फिरतो. तेव्हा तो पाळण्यात होता!

किस्से असेच वाढतात. एक खरा असला की खडकाला कालवं चिकटावीत तसे चार खोटे त्याला चिकटतात. मी चौथीपर्यंत शिकलो. पण मी तिथे होतो. साईड ड्रम माझा होता. खरे आहेत तेवढे सांगतो.

*

आमचं गाव मालवणच्या बाजूला. बँड लग्नाचा आणि पालखीचा. प्रमुख भिकाजी मास्तर. ते कॉर्नेट वाजवत, म्हणजे आखूड ट्रम्पेटच. दुसरे बँड सिनेमाची गाणी वाजवायचे, मास्तरांनी स्वतःची एक चाल बसवली होती. ती देवळाकडून निघताना सुरू व्हायची आणि नवरीच्या मांडवात संपायची. आधी भजनाचा ठेका. मग आमच्या ढोलवाल्या पेद्रूने चर्चमध्ये ऐकलेलं काहीतरी. मग दशावतारात राक्षस येतो तसा ढोल. मग एकदम सगळे गप्प, आणि क्लॅरिनेट एकटं.

लोक विचारायचे, “मास्तर, ह्या गाणा खंयचा?”

मास्तर म्हणायचे, “वाटेचा.”

एकदा नवरीचं घर देवळाच्या मागेच निघालं. मांडवापाशी पोचलो तेव्हा चाल अर्ध्यावर होती. मास्तर थांबतात होय! नवऱ्याला घेऊन तसेच पुढे. विहिरीला वळसा, शाळेला वळसा, परत देवळाकडे. भटजी मांडवात घड्याळ बघतायत आणि नवरा आमच्यामागे घाम पुसतोय. शेवटी नवरीचा बाप धोतर सावरत धावत आला.

“मास्तर, नवरो आमचो! तो हयसर ठेवा आणि तुमी खंय जावचा थंय जावा!”

*

आमच्या वाडीतला एक जण मुंबईला एका रेकॉर्ड कंपनीत पेट्या उचलायला होता. त्याने साहेबाच्या कानावर आमची चाल घातली. साहेबाने बोलावलं. गावात नारळ फुटले.

त्याच आठवड्यात आमच्या गणूने घात केला. गणू आमचा क्लॅरिनेटवाला. जेवायला कुर्ल्या होत्या, म्हणजे खेकडे. कुर्लीचा मोठा डेंगा, म्हणजे नांगी, त्याने बत्त्याने फोडायचा सोडून दातांनी फोडला. डेंगा फुटला नाही. समोरचे दोन दात गेले.

क्लॅरिनेट वरच्या दातांवर धरतात. दात गेले की वाद्य गेलं. मास्तर गणूच्या घरी गेले, त्याच्या तोंडात बघितलं आणि म्हणाले, “कुर्ली तरी बरी होती?”

“भरलेली होती, मास्तर!”

*

आता माणूस उसना आणायचा. आमच्याकडे भाताच्या लावणीला एका घरचा माणूस दुसऱ्याच्या शेतात जातो आणि मग त्या घरचा माणूस आपल्या शेतात येतो. बँडात तीच रीत. पैशाचं नाव नाही. माणसाला माणूस, दिवसाला दिवस. दिवस फेडला नाही तर पुढे कुठलाच बँड तुम्हाला माणूस देत नाही, आणि तोंड दाखवायलाही जागा राहत नाही.

जवळपास क्लॅरिनेटवाला एकच, जामसंड्याचा विठू. पण विठू बाबलच्या बँडात. बाबल आणि आमचे मास्तर यांचं विळ्याभोपळ्याचं. बाबलला लाल कोटांची हौस, मास्तर त्याला “सर्कसवालो” म्हणायचे. ते त्याच्या कानावर गेलेलं होतं.

तरी मास्तर गेले. मी सोबत होतो. बाबलने पानाचं तबक पुढे केलं आणि म्हणाला, “विठूक देतंय. पण परत माणूस होयो.”

“मेळतलो.”

“तो कोण, ता मी सांगतलंय. कधी, ताय मीच सांगतलंय.”

मास्तरांनी तबकातलं पान उचललं. बोलणं ठरलं. परतीच्या वाटेवर ते एकदाच बोलले. “तो माकाच मागतलो.”

*

मालवणहून बोटीत बसलो. विठू देवगडला चढला. समुद्र जरा उसळलेला होता, पण मास्तरांना सराव हवा होता. डेकवर सगळ्यांना ओळीत फिरवत ठेवलं. पेद्रूने ढोल धरला.

बाजूला एक म्हातारी कठड्याला धरून ओकत होती. थोड्या वेळाने तिने तोंड पुसलं आणि वळून ओरडली, “ढोल बंद कर रे मेल्या! माझी ओकी तुझ्या तालार येता!”

सराव बंद झाला. मास्तर मात्र खूश. म्हणाले, “ताल पक्को आसा.”

*

स्टुडिओच्या भिंतींना गाद्या लावलेल्या. मधोमध माईक. साहेब काचेच्या आड. आम्हाला माईकसमोर ओळीत उभं केलं. “वाजवा.”

वाजवलं. आणि कुणाचं कुणाला जमेना. कॉर्नेट पुढे, ढोल मागे, माझा हात भलतीकडे. पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच. साहेबाने काचेतून बघितलं. मास्तरांच्या कपाळाची शीर उठली. मला वाटलं, आता परतीची बोट.

तेव्हा विठू म्हणाला, “मास्तर, आमी उभ्यान कधी वाजवलंव?”

खरं होतं. आम्ही जन्मात उभं राहून वाजवलं नव्हतं. पाय चालला तर हात चालायचा!

पावलांचा आवाज नको म्हणून मास्तरांनी पायातले बूट काढले. सगळ्यांनी काढले. आणि आम्ही माईकभोवती गोल चालत वाजवायला लागलो, देवळाला प्रदक्षिणा घालतात तसे. अशी चाल जमली की काय सांगू! विठूचं क्लॅरिनेट एकटं सुरू झालं तेव्हा मास्तरांनी डोळे मिटले. चालता चालता मिटले, म्हणून पेद्रूच्या ढोलावर आपटले. तोही आवाज तबकडीत आहे.

*

मग दिवा लागला. लाल. साहेब हात हलवू लागला. मास्तरांना वाटलं शाबासकी देतोय. त्यांनी मान लववली आणि वाजवत राहिले.

साहेब बाहेर आला. “मास्तर, तबकडीची एक बाजू तीन मिनिटांची असते. चाल लहान करा.”

“लहान? नवरो आर्ध्या वाटेर सोडू?”

“बरं, मग मधेच थांबा. उरलेलं दुसऱ्या बाजूवर घेऊ. ऐकणारा तबकडी उलटी करील.”

मास्तरांनी बराच विचार केला. “आणि तो उलटी करीपर्यंत वऱ्हाड काय करतला?”

“मास्तर, इथे वऱ्हाड नाहीये!”

“म्हणानच तर अडला हा सगळा!”

शेवटी तसंच झालं. चालीतलं बरंच गळलं, पण मधोमध तोडून ती दोन बाजूंवर बसली. अशी तबकडी आमच्याआधी कुणी काढली असेल तर मला माहीत नाही.

गणू सोबत आला होता. त्याच्या हातात खुळखुळा दिला होता. परतताना बोटीवर म्हणाला, “दात गेले, पण मुंबई बघली.”

*

तबकडी गावात आली. वाण्याच्या दुकानात फोनो होता. सगळा गाव ओट्यावर. वाण्याने सुई ठेवली आणि चाल सुरू झाली.

आता गोल चालत वाजवल्याचा परिणाम काय झाला, तो ऐका. जो माईकजवळ यायचा त्याचा आवाज मोठा. जो लांब जायचा त्याचा बारीक. ढोल अंगावर धावून यायचा आणि लगेच पलीकडच्या गावाला जायचा. पेद्रूची आई कान लावून बसली होती. ढोल बारीक झाला की घाबरी होऊन विचारायची, “पेद्रू खंय गेलो?” मोठा झाला की पदराने डोळे पुसायची. “इलो गो बाय, इलो!”

शेवटपर्यंत असंच. ओटा हसून खाली बसला. मास्तर हसले नाहीत. तबकडीवर नाव होतं, भिकाजी मास्तर आणि पार्टी. विठूचं नाव नव्हतं. मास्तरांनी जामसंड्याला निरोप पाठवून माफी मागितली. विठूचं उत्तर आलं, “पार्टीत मी आसंय. बस.”

बाबलचा निरोप मात्र येत नव्हता. मास्तर रोज दुपारी एस.टी. थांबते तिथे जाऊन उभे राहत. विचारलं तर म्हणत, “वारो खातंय.”

*

त्या हंगामात आमचीच सुपारी बुडाली. शेजारच्या गावात लग्न. आम्ही कोट घालून गेलो तर मांडवात लाऊडस्पीकर. त्यावर आमचीच तबकडी! आम्ही दारात उभे आणि आम्हीच आत वाजतोय.

मास्तर नवऱ्याच्या काकाला म्हणाले, “आमका बोलवलास, आणि ह्या काय?”

काका म्हणाला, “मास्तर, रागावू नका. तुमच्यापेक्षा तबकडी बरी. ती चाय मागणा नाय!”

*

बासष्टच्या वैशाखात बाबलचा निरोप आला. माणूस पाठवा. भिकाजी मास्तरच पाठवा. जामसंड्यात मोठ्या घरचं लग्न आहे. लाल कोट आमच्याकडचा घालायचा.

गावात दोन तट पडले. पेद्रू म्हणाला, “मास्तर, सर्कशीत जातलास?” कुणी म्हणालं, आजारी आहात म्हणून कळवा. मास्तर म्हणाले, “विठू आजारी पडलोलो?”

मी म्हणालो, मी ड्रम घेऊन येतो. मास्तरांनी हात केला. “ड्रम हयसर ठेव. माणूस एकच घेतललो. एकच फेडूचो.” म्हणून मी रिकाम्या हातांनी गेलो.

बाबलने लाल कोट पुढे केला. मास्तरांच्या पोटावर त्याची बटणं लागेनात. त्यांनी श्वास ओढला, लावली. त्यांना मागच्या ओळीत, डावीकडे उभं केलं. मास्तर मागच्या ओळीत उभे राहिलेले मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होतो.

“चाल खंयची?” मास्तरांनी विचारलं.

बाबल छाती काढून म्हणाला, “तुमचीच. तबकडी घासघासून बसवली आमी. एक सूर इकडचो तिकडे नाय!”

सरावाला सुरुवात झाली. चार पावलं वाजवलं आणि सगळा बँड एकदम बारीक झाला. मास्तरांचं कॉर्नेट एकटं मोठ्याने गेलं. बाबलने हात वर केला.

“मास्तर, हयसर बारीक.”

“हयसर बारीक कित्याक?”

“तबकडीत बारीक आसा.”

पुन्हा सुरू. पुढे सगळे मोठे झाले, मास्तर होते तेवढेच राहिले. पुन्हा हात वर. मध्येच ढोलवाल्याने ढोलावर कोपर आपटलं, धप्प. मास्तर दचकले. पेद्रूच्या ढोलावर ते आपटले होते, तोच तो आवाज!

मास्तरांनी विठूकडे बघितलं. विठूने मान खाली घातली. “मी सांगलंय ह्यांका, मास्तर. आयकनत नाय. म्हणतत, तबकडी खोटा कशी बोलतली?”

बाबल मास्तरांजवळ आला. त्याच्या बोलण्यात खरंच काळजी होती. “मास्तर, कठीण आसा ही चाल. तुमका जमतली मा?”

मी मास्तरांच्या कपाळाकडे बघत होतो. शीर उठली. एक शब्द सांगितला असता तर पुरे होता. मास्तरांनी कॉर्नेटातली थुंकी झटकली.

“मोठा खंय आणि बारीक खंय, ता सांग,” ते म्हणाले.

वरात निघाली. नवरा छत्रीखाली, मागे वऱ्हाड. मास्तर मागच्या ओळीतून वाजवत होते. बाबल बोट खाली करी तेव्हा बारीक, वर करी तेव्हा मोठं. लोक माना डोलवत होते. निम्म्या वाटेवर, ऐन चढात, बाबलने तळहात वर धरला. बँड थांबला. छत्री थांबली. वऱ्हाड थांबलं. सगळे उन्हात उभे.

मग बाबलने तबकडी उलटवतात तसा तळहात सावकाश उलटा केला आणि चाल तुटली होती तिथूनच पुन्हा सुरू झाली.

मांडवाच्या दारात चाल संपली. मास्तरांनी बटणं सोडली, कोट काढला, घडी घालून बाबलच्या हातात दिला.

“दिस फिटलो?”

“फिटलो,” बाबल म्हणाला.