शेपटीवरची रेती

परवा रविवारी राइट टाउन भागात दादाकडे गेले होते... आणि माझ्या हातून विमान मोडलं!

खेळण्यातलं नाही, खरंखुरं. फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून माझा भाऊ गॅरेजमध्ये एका माणसापुरतं छोटं विमान बांधतोय. परवानग्या मिळाल्या की तोच ते उडवणार, आणि वहिनीचा त्याला साफ नकार. गॅरेजमध्ये ती पाऊलसुद्धा टाकत नाही.

परवा शेपटीची परीक्षा होती. मला वाटायचं, सगळं काम पंखांचं, शेपूट आपली शोभेला... पण नाही! हवा शेपटीला खाली दाबून धरते, म्हणून विमानाचं नाक झुकत नाही. तेवढा दाब, किंबहुना त्याहून थोडा जास्तच, शेपटीला झेपतो का हे बघायला आट्याच्या रिकाम्या पिशव्यांत रेती भरून तिच्यावर रचायची.

डावीकडे एक पिशवी दादाची, उजवीकडे एक माझी, अशा सगळ्या रचल्या. शेपूट जराशी वाकली, पण टिकली. काम फत्ते झालं की नारळ फोडायचा, या फॅक्टरीच्या सवयीने दादा नारळाकडे वळला आणि मी खुशीत माझ्या बाजूच्या सगळ्या पिशव्या भराभर उतरवल्या.

टक्...

"अगं, काय करून राहिली? एक इकडची, एक तिकडची काढायची ना!" दादा ओरडला. शेपूट एका अंगाला पिळली होती. तो टॉर्च घेऊन खाली आडवा झाला. शेपूट जिथे धडाला जोडलेली, तिथल्या पट्टीला केसाएवढी चीर गेली होती.

चार वर्षांची मेहनत! सॉरी म्हणणार, तेवढ्यात तोच उठून बसला. "हवेत काय दोन्हीकडे सारखाच भार येते? एका बाजूनं झोत आला की असंच पिळणार. हे मी काहून नाही तपासलं?"

मला वाटलं, आता हा गुपचूप पट्टी बदलेल. वहिनीला कळलं तर उडणं कायमचं बंद... पण त्याने पट्टी खोलली, सरळ स्वयंपाकघरात गेला आणि वहिनीसमोर ओट्यावर ठेवली. "ही तुटली. आता जाड लावतो, आणि एकाच बाजूला वजन ठेवून पुन्हा बघतो."

वहिनीने ती उजेडात धरून बराच वेळ बघितली. "पुढच्या वेळी पिशव्या मी ठेवणार," एवढंच म्हणाली.

ती चीर हवेत पडली असती तर... चार वर्षं दादा वहिनीला 'काही होत नाही' म्हणत होता. तुटलेलं आणून दाखवलं, तेव्हा कुठे तिचा त्याच्यावर विश्वास बसला.