दारातला कापूस

मंडळी, आज धुळ्यात देवपूरला आमच्या पंधरा वर्षं जुन्या गाडीत नवे स्पीकर बसवले.

फिटरने दाराचं पॅनल उघडलं तर आतून ढीगभर कापूस निघाला. मी म्हटलं, "उंदरांनी घर केलंय, फेकून द्या."

निघालो तर गाणं कमी आणि दाराचा खडखडाटच जास्त.

घरी वडिलांना सांगितलं. आबा शांतपणे म्हणाले, "दार वाजे म्हनीसन तो कापूस मीच भरेल व्हता. आपला वावरना." म्हणजे आमच्याच शेतातला.

तसाच परत आलो. फिटरने कापूस फेकला नव्हता. गोणपाटात भरून, खुर्चीवर ठेवून, त्यावर ऐसपैस बसलाय.

दुकानाबाहेर उभा राहून हे लिहितोय. तुम्ही असता तर त्याला कसं उठवलं असतं?