हातातला जॉब

नोकरी लागायच्या आधीच मी पेढे वाटले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. देवळाली कॅम्पात थोरल्या भावाचं पत्र्याच्या ट्रंकांचं दुकान होतं. जवानांना ट्रंका विकायच्या, हेच माझं भविष्य, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. दिवाळीपर्यंत नोकरी मिळाली नाही तर गल्ल्यावर बसायचं. मी मात्र ट्रंका विकणार नव्हतो, म्हणजे नव्हतोच. म्हणून सातपूरच्या एका कारखान्यात हेल्परच्या जागेसाठी गेलो आणि कानस चालवता येते, असं बेधडक ठोकून दिलं. कानस मी तोवर फक्त विळ्याला धार लावताना पाहिली होती.

फोरमननी तोंडी काही विचारलंच नाही. आम्हा उमेदवारांच्या हातात एकेक लोखंडी तुकडा ठेवला. माझ्यापाशी येऊन म्हणाले, "हा तुझा जॉब. नीट सांभाळ. जेवणानंतर बघतो."

मी वाकून त्यांच्या पाया पडलो. ते दचकून मागे सरले. मला तो विनय वाटला.

तुकडा खिशात घालून मी थेट नाक्यावर. एसटीडी बूथवरून भावाला जॉब मिळाल्याचं कळवलं, वर ट्रंकांवरून दोन टोमणे मारले आणि पेढे घेऊन परतलो. वॉचमनपासून वाटत वाटत आत आलो. दिंडोरीकडचा एक उमेदवार घामाघूम होऊन कानस चालवत होता. पेढा तोंडात टाकून म्हणाला, "येड्या, हितं जॉब म्हंजे हे लोखंड. घासून सपाट करायचंय. तुझा अजून खिशातच हाय."

आता भावाला दुसरा फोन करणं शक्य नव्हतं. तुकडा टेबलावरच्या पकडीत आवळला आणि घासत सुटलो. एक कोपरा उतरवला की दुसरा वर यायचा. फोरमननी काटकोन तपासायचा गुण्या लावून तुकडा उजेडाकडे धरला. फटीतून अख्खा कारखाना दिसत होता. मी दुसरा तुकडा मागितला. तोही गेला. तिसरा मागितला तेव्हा तळहातावरचे फोड फुटले होते. बाकीचे उमेदवार घरी गेले, मी हललो नाही. पाळी सुटल्याचा भोंगा झाला, तेव्हा कुठे फट जरा अरुंद झाली.

फोरमननी तुकडा भंगाराच्या पेटीत टाकला. "उद्यापासून ये," म्हणाले. मी वाकणार, इतक्यात त्यांनी पाय मागे घेतले.

"पाया पडू नकोस. जॉब भंगारच झालाय. पण तुझे पेढे सगळ्यांनी खाल्लेत, मला धरून. आता 'नाही' कोणत्या तोंडानं म्हणू?"