कळंबला उघडलेली बाटली

माझ्या बहुतेक फजित्या मी चारचौघांत रंगवून सांगितल्या आहेत. साहेबांच्या निरोप समारंभात घाईघाईत खिशातून दुसराच कागद निघाला आणि मी धडधाकट साहेबांना श्रद्धांजली वाहिली, ती तर आमच्या कचेरीत अजून सांगतात. ही एक मात्र मी आजवर दोनच माणसांना सांगितली, आणि तीही सांगणं भाग पडलं म्हणून.

बायकोच्या छातीत गाठ होती. तिला ती आंघोळ करताना लागली होती, पण मला सांगितलं महिन्याभरानं, वरणाला फोडणी देता देता.

"आयका, मले इथं गाठ लागून राह्यली. दुखत नाई."

"दुखत नाही ना? मग असू दे," मी म्हणालो. तीस वर्षं तहसीलमध्ये आवक-जावक सांभाळलेल्या माणसाकडून याहून वेगळी अपेक्षा नव्हती. जे कागद ओरडत नाहीत ते तळाशी ठेवायचे, हे आमचं शिक्षण.

मुलीनं फोनवर मला झापलं, तेव्हा यवतमाळलाच सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी झाली. तिथल्या डॉक्टरीणबाई बोलक्या होत्या. तपासता तपासता बायकोला माहेर विचारलं, पांढरकवड्याकडचं म्हटल्यावर तिकडच्या कापसाचं विचारलं. मग सोनोग्राफीचं यंत्र एका जागी थांबलं, जरा पुढं गेलं, पुन्हा त्याच जागी आलं, आणि बाई बोलायच्या थांबल्या. मॅमोग्राफीच्या फिल्मवर मला एक पांढरा ठिपका दाखवला. कडा गुळगुळीत नव्हत्या; पांढरे धागे सगळीकडे फुटले होते.

"मॅडम, चरबी असेल ना?"

"काका, गाठ कुठं आहे ते चित्र सांगतं. काय आहे, ते तुकडा काढल्याशिवाय कळत नाही."

तुकडा काढतानाही मी आत होतो. जागा बधिर केली, जाड सुई घातली आणि खट्ट आवाज झाला, कचेरीतल्या मोठ्या स्टेपलरसारखा. चार वेळा खट्ट. चारही वेळा मी दचकलो. बायको पडल्या पडल्या म्हणाली, "सुई मले टोचून राह्यले का तुमाले?"

शेवयांसारखे चार पांढुरके तुकडे निघाले. तिथल्या सिस्टरनं ते एका लहान बाटलीत टाकले, वरून औषध भरलं, झाकण लावलं, त्यावर चिकटपट्टी गुंडाळली. वीस वर्षं तेच काम करणारी, पन्नाशीची बाई. म्हणाली, "काका, हे फॉर्मॅलिन. यातच तुकडे टिकतात, नाहीतर सडतात. बाटली सरळ धरायची. झाकण उघडायचं नाही. आजच नागपूरच्या लॅबमध्ये द्यायची."

"बाई, मी तीस वर्षं सरकारी टपाल सांभाळलंय."

"म्हणूनच तीनदा सांगून राहिले," ती म्हणाली.

बायकोनंही दारातून सांगितलं होतं, "सिधे जा."

सिधं जायला नागपूरची एसटी होतीच. पण ती कळंबला थांबली आणि माझ्या मनात आलं, इथल्या चिंतामणी गणपतीला न सांगता पुढं कसं जायचं? उतरलो. उतरल्यावर लक्षात आलं की पिशवीत माणसाचं मांस आहे. ते घेऊन देवाजवळ जायचं नाही एवढं मला कळत होतं, म्हणजे त्या दिवशी जे कळायला नको होतं तेवढंच कळत होतं. बाहेरच्या फुलवालीकडे पिशवी दिली.

"काय हाय यात?"

"औषध आहे. सांडू नका."

"मी काहून सांडू बाप्पा?"

देवळाच्या पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात गेलो, हात जोडले. पुजाऱ्यानं तळहातावर तीर्थ दिलं. ते मी प्यायलो नाही. मूठ मिटून तसाच पायऱ्या चढलो. निम्मं बोटांच्या फटीतून गळलं, थोडं कोपरापर्यंत गेलं, वर पोचेपर्यंत दोन थेंब उरले असतील. ते मला बाटलीत टाकायचे होते. देवाचे दोन थेंब त्या तुकड्यांना लागले की रिपोर्ट चांगला येईल. आज हे लिहिताना माझे मलाच कान धरावेसे वाटतात, पण तेव्हा त्या विचारात मला काहीच खोट दिसली नाही.

फुलवालीच्या फुलांपाशीच बाटली पिशवीतून काढली. एक हात तीर्थात अडकलेला. चिकटपट्टी दातानं तोडली. झाकण फिरवलं, आणि तोंड जवळ होतं म्हणून तो वास थेट नाकाडोळ्यांत गेला. मी मान झटकली, हात हलला, बाटली आडवी झाली. औषध झेंडूच्या पाकळ्यांवर सांडलं. तुकडे तेवढे काचेला चिकटून राहिले.

"बाप्पा बाप्पा! हे कायचं औषध हाय, डोयाले लागून राह्यलं!" फुलवाली पदर नाकाला लावून मागं सरकली. "घरी जा भाऊ तुमी!"

तिचं ऐकायला हवं होतं. यवतमाळ तासाभराच्या आतलं. परत गेलो असतो, सिस्टरनं चार शब्द ऐकवले असते आणि बाटली पुन्हा भरून दिली असती. पण त्या चार शब्दांचीच मला भीती वाटली. मी एसटीत प्यायला घेतलेलं पाणी बाटलीत काठोकाठ भरलं, झाकण लावलं आणि पुढची गाडी पकडली. दिवस एप्रिलचे. मांडीवरची बाटली नागपूर येईपर्यंत कोमट झाली होती.

लॅबच्या खिडकीवर एका मुलीनं बाटली घेतली, लेबल वाचलं आणि विचारलं, "फॉर्मॅलिनमध्येच आहे ना?"

खिडकीच्या त्या बाजूला मी आयुष्य काढलं होतं. अर्जदार खरं बोलला की त्याचा अर्ज परत जातो, हे मला माहीत होतं. मीच परत करायचो. अमुक त्रुटी, पूर्तता करून फेरसादर करावे. जो छाती काढून 'सगळं आहे साहेब' म्हणतो, त्याचा अर्ज आत जातो. मी छाती काढून म्हणालो, "होय."

तिनं शिक्का मारला. त्या शिक्क्याच्या आवाजानं मला इतकं बरं वाटलं की मी बायकोसाठी पाव किलो संत्रा बर्फी घेतली.

आठवड्यानं रिपोर्ट आला. पेशी सडल्यामुळे ओळखता येत नाहीत. मत देता येत नाही. नमुना पुन्हा पाठवावा.

डॉक्टरीणबाईंनी आमच्यासमोरच सिस्टरला बोलावलं. "बाटली किती भरली होती?"

"गळ्यापर्यंत, मॅडम."

"मग असं कसं झालं? एका बाईला पुन्हा टोचावं लागणार तुमच्या हलगर्जीपणामुळं."

सिस्टरनं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरचं बाळाच्या लसीकरणाचं वेळापत्रक वाचत होतो.

ऑटोत बायको म्हणाली, "इतके वर्स काम करते अन् औषध भराची अक्कल नाई त्या बाईले."

मी म्हणालो, "हं."

तो 'हं' मी पुढं कितीतरी वेळा म्हणालो, कारण ती ते वाक्य कितीतरी वेळा बोलली. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, बहिणीला सांगितलं. दरवेळी मी शेजारी होतो.

पुन्हा चार वेळा खट्ट झालं. या वेळी बाटली सिस्टरनं माझ्या हातात दिली नाही. कुरिअरवाल्याकडे स्वतः सोपवली. रिपोर्ट कॅन्सरचा आला. पहिल्या सुईपासून या कागदापर्यंत महिना उलटला होता. नागपूरला ऑपरेशन झालं, तेव्हा काखेतल्या गाठींमध्येही आजार सापडला. मी सर्जनना बाहेर गाठून विचारलं, "महिनाभर आधी कळलं असतं तर?"

"एका महिन्यानं एवढा काही फरक पडत नाही," ते म्हणाले.

'एवढा'. असले शब्द मी पत्रांतून हजारदा घातलेत. कशासाठी घालतात ते मला चांगलं ठाऊक आहे.

केमो झाली, केस गेले, केस आले, एक वर्ष बरं गेलं. मग सीटी स्कॅनमध्ये यकृतावर तीन डाग दिसले. डॉक्टर म्हणाले, तिथला तुकडा काढून बघावा लागेल. आजाराचं रूप बदललं असेल तर औषधही बदलावं लागेल, अंदाजानं देता येणार नाही.

बायको म्हणाली, नाही.

"पहिले बाटलीत सडवलं, मंग पुन्हा भोसकलं. आता कलेजाले सुई? ते बी सडवतीन अन् म्हनतीन, आना पुन्हा. मी काय सुया खोचाची गादी हाय?"

मुलीनं समजावलं, बहिणीनं समजावलं. तिचं एकच म्हणणं, त्या लोकांवर माझा भरोसा नाही. आठ दिवस गेले. औषध थांबलेलं, डाग थांबले असतील की नाही कोण जाणे. मुलगी मला म्हणाली, "बाबा, ती फक्त तुमचं ऐकेल." तिला काय माहीत, तिच्या आईचा 'नाही' माझ्या 'हं'वर उभा होता.

दुपारी ती मेथी निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि सांगून टाकलं. देऊळ, मूठ, चिकटपट्टी, पाणी, खिडकी, सगळं.

ती पानं खुडत राहिली. हातातली काडी संपवून म्हणाली, "तीर्थ टाकाले उघडली?"

"हो."

"पडलं का मंग त्यात?"

"नाही. सगळी गडबडच झाली."

"अन् त्या पोरीले होय म्हनलं."

"हो."

"मी त्या सिस्टरले शिव्या देत राह्यली. तुमी बाजूले बसून आयकत राह्यले."

"हो."

"अन् मले बर्फी चारली."

पानं आणि देठं आता एकाच ढिगात पडत होती. तिनं विचारलं, "त्या महिन्यातच पसरलं का ते?"

"डॉक्टर म्हणतात, नाही."

"डॉक्टरचं नाई इचारून राह्यली. तुमी सांगा."

"मला माहीत नाही," मी म्हणालो. मला खरंच माहीत नव्हतं, अजूनही नाही, आणि कुठल्या यंत्रात ते दिसेल असंही नाही.

ती उठली. "उद्या चला. पन पहिले त्या बाईच्या पाया पडा. माह्यासमोर."

दुसऱ्या दिवशी त्याच दवाखान्यात मी सिस्टरसमोर वाकलो. सांगितलं, बाटली मी उघडली होती. वाकलो ते गुडघा धरला आणि उठता येईना. एका बाजूनं सिस्टरनं, दुसऱ्या बाजूनं बायकोनं ओढून मला उभं केलं. माफ केलं वगैरे सिस्टर काही म्हणाली नाही. "सरका काका, पेशंटला आत घेऊ द्या," एवढंच म्हणाली. मला बाहेर बसवलं. या वेळचे आवाज मी मोजले नाहीत, दार जाड होतं.

रिपोर्ट आला तेव्हा बायकोचा चष्मा सापडेना, म्हणून मी मोठ्यानं वाचला. आजार तोच होता, छातीतून यकृतात गेलेला. कुठंही शंका ठेवली नव्हती.

"यात काई चूक तं नसंन?" तिनं विचारलं.

"नाही. या वेळी नमुना चांगला होता."

"मंग आता औषध ठरवतीन ते."

"ठरवतील."

तिनं माझ्या हातातून कागद घेतला, घडी घातली, आणि फाईल माझ्या काखेत असतानाही तो स्वतःच्या पिशवीत ठेवला.